बासष्ट पानांची फाईल आणि फळ्यावरच्या सात ओळी

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून आलं आहे. थोडं आवरून देते.

"ताई, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, काम करून पुढे पाठवतो. वडिलांनी दोन लेथवर सुरुवात केली, आज आम्ही चौतीस जण आहोत, त्यात सहा महिला. आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाने तीन आठवड्यांनी वेंडर ऑडिट, म्हणजे माल पुरवणाऱ्यांची तपासणी, ठेवलंय. त्यांच्या यादीत 'लेखी एचआर पॉलिसी' असा रकाना आहे. ओळखीच्या एकाने नेटवरून बासष्ट पानांचं इंग्रजी हँडबुक काढून दिलं. कंपनीचं नाव बदललं, स्पायरल बायंडिंग केलं. कामगारांच्या सह्या तेवढ्या राहिल्यात. लैंगिक छळाची समिती लागते म्हणे, तिथे अध्यक्ष म्हणून मिसेसचं नाव टाकलंय.

मध्येच दोन भानगडी झाल्या. सात वर्षांपासूनचा एक ऑपरेटर उसाला तोड आली म्हणून न सांगता गावी गेला आणि अकराव्या दिवशी उगवला. हँडबुकात लिहिलंय, तीन दिवस न कळवता गैरहजर म्हणजे नोकरी सोडली. म्हणून वॉचमनला सांगून त्याला गेटवरूनच परत पाठवलं. आता तो कामगार ऑफिसला जाणार म्हणतो. दुसरं म्हणजे, क्वालिटीतल्या एका मुलीला चौथा महिना आहे. तीन वर्षं झाली तिला, पगार साडेएकोणीस हजार. सहा महिने घरी बसून पगार मी कुठून देऊ? यापुढे लग्न झालेल्या मुली घ्यायच्या नाहीत, असं पॉलिसीत लिहिलं तर चालेल का?

वडील म्हणतात, तीस वर्षं गेटजवळच्या फळ्यावर सात ओळींत कारखाना चालला, आता कागद कशाला? — एक उद्योजक, शिरोली"

दादा,

सगळ्यात आधी, त्या फाईलवर कुणाचीही सही घेऊ नका. फाईल कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा.

पत्रासोबत तुम्ही ते हँडबुक आणि फळ्याचा फोटो, दोन्ही पाठवलंत हे बरं केलंत. रविवारी दुपारी चहा घेऊन वाचायला बसले आणि तिसऱ्या पानावरच ठसका लागला. तिथे लिहिलंय की तुमच्याकडची नोकरी 'ॲट-विल' आहे, म्हणजे मालक कुणालाही, कधीही, कारण न देता काढू शकतो. पुढे ज्युरी ड्यूटीची रजा आहे. आपल्याकडे ज्युरी जाऊन पन्नास वर्षं उलटली. सुट्ट्यांच्या यादीत थँक्सगिव्हिंग आहे, १ मे नाही. कोल्हापुरात १ मेला कारखाना चालू ठेवायचा आणि थँक्सगिव्हिंगला बंद! आणि शेवटून दुसऱ्या पानावर, तुमच्या कंपनीच्या नावाखाली, वाद झाल्यास कॅलिफोर्नियाचा कायदा लागू राहील म्हणून छापलंय. ऑडिटर इतका निवांत माणूस नसतो की हे त्याच्या नजरेतून सुटेल.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र यात फारसं नाही. लोकांना वाटतं, चुकीची पॉलिसी म्हणजे फार तर निरुपयोगी कागद. तसं नसतं. मालकाने लिहून, सही घेऊन दिलेला नियम कामगार उद्या तुमच्यावर उलटवू शकतो आणि तुम्हाला तो त्याच्यावर चालवता येईलच असं नाही. कायद्याहून कमी देणारा नियम कोर्ट बाजूला सारतं. कायद्याहून जास्त देणारा मात्र मालकाच्या गळ्यात पडतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पिंपरीकडच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल विभागात होते. साहेबांनी पुस्तिका करायला सांगितली. मी शेजारच्या मोठ्या कंपनीची पुस्तिका मिळवली आणि पानंच्या पानं उतरवून काढली. त्यात एक वाक्य होतं, 'तीन लेखी समज दिल्याखेरीज कोणाही कामगारास बडतर्फ केले जाणार नाही.' वाक्य कानाला छान वाटलं, म्हणून राहू दिलं. पुढे दोन वर्षांनी स्टोअरमधल्या एकाला एकाच प्रकरणात काढलं. प्रकरण खरं होतं, साक्षीदार होते, चौकशीही केली होती. कामगार न्यायालयात उलटतपासणीला मी उभी राहिले, तर त्याच्या वकिलाने माझ्याच पुस्तिकेचं अकरावं पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, मोठ्याने वाचा." वाचलं. दुसरी समज कुठे आहे, तिसरी कुठे आहे, असं त्याने विचारलं. माझ्याकडे पहिलीसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून मी लोकांच्या पुस्तिकांतली सुंदर वाक्यं आधी खोडते.

आता तुमच्या ऑपरेटरकडे येऊ, कारण या सगळ्यात घाई त्याचीच आहे.

न कळवता गैरहजर राहिला म्हणजे नोकरी आपोआप गेली, हा नियम आपल्याकडच्या शेकडो कारखान्यांच्या कागदांत सापडतो. सर्वोच्च न्यायालयासमोर तो १९९३ मध्ये आला होता, डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या खटल्यात. त्या कारखान्याच्या मंजूर स्थायी आदेशांतच, म्हणजे कामगारांच्या सेवेच्या नियमांतच, लिहिलं होतं की आठ दिवसांहून जास्त गैरहजेरी म्हणजे नोकरीवरचा हक्क संपला. कामगाराचं म्हणणं होतं की तो कामावर आला होता, त्याला गेटवरच अडवलं. ओळखीचं वाटतंय ना? न्यायालयाने सांगितलं, नियम छापलेला असला तरी माणसाचं म्हणणं ऐकून न घेता त्याचं नाव मस्टरवरून काढता येत नाही. पोटावर पाय द्यायचा तर आधी त्याला बोलू द्या. त्याला कामावर परत घ्यावं लागलं आणि मागच्या पगाराचा निम्मा हिस्साही द्यावा लागला. आणि तो नियम निदान सरकारी अधिकाऱ्याने मंजूर केलेला होता. तुमचा तर कॅलिफोर्नियाहून आलाय.

शिवाय सात वर्षांच्या माणसाचं नाव नुसतं खोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत त्याला कमी करणं. त्याला महिन्याची नोटीस लागते आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार लागतो. ग्रॅच्युइटी वेगळी. नुसती ग्रॅच्युइटीच काढून बघा: समजा त्याचं वेतन १८,२०० आहे, तर भागिले सव्वीस (महिन्याचे कामाचे दिवस) म्हणजे दिवसाचे ७००, गुणिले पंधरा, गुणिले सात: ७३,५०० रुपये. हा आकडा तुम्हाला घाबरवायला दिला नाही. गेटवर वॉचमनने जे दोन मिनिटांत केलं त्याचं बिल किती होतं, हे तुमच्या डोळ्यांसमोर असू दे. पूर्वी मालक लोक म्हणायचे, जाऊ दे, मुंबईपर्यंत कोण जातंय. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, हेही ध्यानात ठेवा.

त्याची चूक नाही असं मी म्हणत नाही. न सांगता दहा दिवस मशीन बंद ठेवणं ही चूकच आहे, आणि त्याला लेखी समज मिळायला हवी. पण तुमच्या भागात उसाची तोड कधी येईल हे साखर कारखान्याच्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयलाही धड सांगता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आज टोळी आली तर आजच ऊस जायला हवा. मग तुमच्या पॉलिसीत त्याबद्दल एक ओळ का नसावी? 'तोडीसाठी अचानक रजा लागल्यास पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरला फोन करावा. अशी रजा वर्षाला इतके दिवस मंजूर होईल.' अशी ओळ नेटवर कुठेच मिळणार नाही. ती तुम्हालाच लिहावी लागेल, आणि ऑपरेटर लोकांना विचारून लिहिलीत तर पाळलीही जाईल.

रजेचंच निघालंय तर मूळ हिशोबही सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने एकोणतीस कायदे त्यांत विरले. पूर्वी कारखान्यात वर्षाला २४० दिवस भरले की भरपगारी रजेचा हक्क यायचा. नव्या संहितेत १८० दिवस भरले की येतो, दर वीस दिवसांच्या कामाला एक दिवस. उरलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते. तुमच्या फाईलमध्ये लिहिलंय की ३१ डिसेंबरला उरलेली सगळी रजा बुडेल. खोडा.

'फुल अँड फायनल', म्हणजे नोकरी संपल्यावरचा शेवटचा हिशोब, 'पंचेचाळीस दिवसांत' हेही खोडा. आपल्याकडे ही पद्धत इतकी मुरलीय की कामगारालाही तीच कायद्याची वाटते. वेतन संहिता म्हणते, माणसाला काढलं, कमी केलं किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याचं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करायचं. होय, दोन. तुमच्या अकाउंट्सला आत्ताच सांगून ठेवा.

आणि आता वडिलांचा फळा.

मला तो आवडला. शिफ्टची वेळ, पगार सात तारखेला, उचल वीस तारखेनंतर, हातमोजे आणि गॉगल कुणाकडून घ्यायचे, अपघात झाला तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं, मशीनवर मोबाईल नाही. सहा ओळी, सगळ्यांना वाचता येणाऱ्या, आणि मी पैजेवर सांगते, सगळ्यांना पाठ. सात तारीख तर कायद्यातलीच मुदत आहे. वडिलांनी कायदा वाचला नसेल, पण माणूस सरळ चालला की कधी कधी कायद्याच्या वाटेवरच निघतो.

सातवी ओळ मात्र पुसावी लागेल. 'तीन वेळा उशीर = अर्धा दिवस कट.' जवळपास प्रत्येक शॉपमध्ये ही ओळ असते. मघाचाच पगार घ्या. दिवसाचे ७००, आठ तासांची पाळी. एक माणूस महिन्यात तीनदा दहा-दहा मिनिटं उशिरा आला, म्हणजे अर्धा तास. अर्ध्या तासाचे होतात ४३ रुपये ७५ पैसे. तुम्ही कापता ३५०. कायदा म्हणतो, गैरहजेरीसाठी कापायचं ते जितका वेळ गैरहजर तितक्याच प्रमाणात. वरचे तीनशे हा दंड झाला, आणि दंडाचे नियम वेगळे आहेत: कशाकशासाठी दंड करणार याला आधी मंजुरी लागते, ती यादी लावावी लागते, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि महिन्याचा एकूण दंड वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा जितका उशीर तितके पैसे कापा आणि पुन्हा पुन्हा उशीर करणाऱ्याला बोलावून लेखी समज द्या. वडिलांना हे तुम्हीच सांगा. माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल.

क्वालिटीतल्या मुलीबद्दल तुम्ही जे विचारलंत, ते वाचून मला राग आला होता. आता निवलाय, पण थोडा उरलाय.

पैशांचं आधी. तिचा पगार साडेएकोणीस हजार, म्हणजे ईएसआयच्या, कामगार राज्य विम्याच्या, २१,००० च्या मर्यादेच्या आत. तुम्ही दर महिन्याला तिच्यासाठी सव्वातीन टक्के भरता, तिच्या पगारातून पाऊण टक्का जातो. भरताय ना? मग सव्वीस आठवड्यांचा प्रसूती लाभ तिला ईएसआय महामंडळ देणार. लगतच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी-काळांत मिळून सत्तर दिवसांची वर्गणी जमा हवी, ती तीन वर्षं काम केलेल्या मुलीची असणारच. तुमच्या खिशातून त्या सहा महिन्यांचा पगार जात नाही. तुम्ही वर्षानुवर्षं ज्याचा हप्ता भरताय तेच हे. एखाद्या बाईचा पगार मर्यादेच्या वर असेल तर मात्र भार मालकावर येतो, आणि त्यासाठी तिने बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं पुरतं. तुमच्या हँडबुकातले 'बारा आठवडे, तेही एक वर्ष सेवा झाल्यावर' दोन्हीकडून चुकीचे. बाळंतपणाला बारा आठवडे फक्त आधीच दोन मुलं हयात असलेल्या बाईला.

रजेवर असताना तिला काढता येत नाही, तिच्या अटी तिच्या गैरसोयीच्या करता येत नाहीत. परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा जादा सुट्टी द्यायची. आणि आणखी एक करा: तिच्या तपासणीच्या टेबलाशी उंच स्टूल ठेवा. मी तुमच्यासारखे बरेच शॉप पाहिलेत, क्वालिटीच्या पोरी आठ तास उभ्या राहून गेज लावत असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

'लग्न झालेल्या मुली घेणार नाही' हे लिहायचं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा टाईप करून, शिक्का मारून ठेवणं. भरती करताना स्त्री-पुरुष असा भेद करायला वेतन संहितेने सरळ मनाई केलीय. एअर इंडियाच्या नियमांत एके काळी लिहिलेलं होतं की हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की तिची नोकरी संपली. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते कलम रद्द केलं, आणि कडक शब्दांत. तिथेही नियम लेखीच होता. लिहू नका, म्हणजे मनात ठेवून तसं वागा, असा याचा अर्थ काढाल म्हणून सांगते, तसंही करू नका. तुमची ही मुलगी तीन वर्षं टिकलीय. शिरोलीत क्वालिटीला तीन वर्षं टिकणारं माणूस मिळवायला किती जाहिराती द्याव्या लागतात ते मनाशी मोजा.

आता मिसेसचं. त्या कारखान्यात काम करतात का? तुमच्या पत्रात तसं काही नाही, आणि माझा अंदाज असा की त्या खंडेनवमीच्या पूजेला येतात तेवढंच. मग त्या अध्यक्ष होऊ शकत नाहीत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. दहा महिला नव्हे, दहा माणसं. अध्यक्ष त्याच ठिकाणी वरच्या पदावर काम करणारी महिला, शिवाय कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, आणि एक बाहेरची व्यक्ती, जी महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली असेल. एकूणात निम्म्या तरी महिला. बाहेरचा सदस्य म्हणून सीएची बायको घालणारेही मी पाहिलेत. त्या सदस्याला नियमाप्रमाणे दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च, एवढाच खर्च आहे, तेव्हा पैशांची सबब सांगू नका. कोल्हापुरात महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची कमी नाही, दोन फोन करा. ही समिती नेमलेली नसेल तर ५०,००० पर्यंत दंड आहे.

तुमच्या फाईलमध्ये तक्रार 'एचआर डायरेक्टर'कडे किंवा 'हॉटलाईन'वर करायला सांगितलीय. चौतीस माणसांच्या शॉपमध्ये एचआर डायरेक्टर कोण? तुम्हीच. आणि तक्रार तुमच्याविरुद्धच असेल तर? मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे वाक्य पॉलिसीत तुमच्या हाताने लिहा. ते वाक्य वाचून बायकांचा बाकीच्या कागदावर विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, चौकशी नव्वद दिवसांत, नावं गुप्त, ठेकेदाराच्या बायका आणि आयटीआयच्या ॲप्रेंटिस मुलीही यात आल्या: हे सगळं एका पानात मावतं. समितीचा आदेश नावांसकट भिंतीवर लावायचा असतो, फाईलमध्ये लपवायचा नसतो.

आणि समिती नेमली म्हणजे सुटलो असंही नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये तक्रारी आल्या. समिती होती, तिने चौकशीही केली, पण इतक्या घाईने की आजारपणासाठी वेळ मागणाऱ्या त्या प्राध्यापकाला नीट बाजू मांडायला मिळाली नाही. एकतर्फी अहवाल, मग बडतर्फी. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडेच पाठवलं. चौदा वर्षं गेली, आणि ज्या मुलींनी तक्रार केली त्यांच्या पदरात काय पडलं? देशभरातल्या समित्या नेमल्यात की नाही हे तपासायचे आदेशही त्याच निकालात आहेत. तुमच्या समितीला निदान एकदा कुणाकडून तरी शिकवून घ्या: तक्रारीची प्रत समोरच्याला द्यायची, उत्तराला वेळ द्यायचा, दोघांचे साक्षीदार ऐकायचे, रोजच्या रोज लिहून सह्या घ्यायच्या.

स्थायी आदेशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लेबर कन्सल्टंट विषय काढेल. नव्या संहितेत ते ३०० कामगारांपासून लागू होतात, तुम्हाला नाहीत. तुम्हाला लागते ती वीस किंवा जास्त कामगारांसाठीची तक्रार निवारण समिती, मालकाचे आणि कामगारांचे सारखे सदस्य, कमाल दहा. छोट्या शॉपवाल्यांना हिचा पत्ताच नसतो. नियुक्तीपत्रंही काढा. आधीपासून असलेल्या पण पत्र नसलेल्या कामगारांनाही, संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत पत्र द्या असं सांगितलंय. चौतिसांपैकी किती जणांकडे आहे? सात वर्षांच्या त्या ऑपरेटरकडे तरी आहे का? राज्याचे नियम, नमुने आणि रजिस्टरं बदलत्या अवस्थेत आहेत, तेवढं कन्सल्टंटकडून छापायच्या आधी बघून घ्या. संहितेतलं जे ठरलेलं आहे त्यासाठी त्याची वाट बघत बसू नका.

फाईल लिहायची कशी? मराठीत. तुमच्याकडे बिहार-ओडिशाची पोरं असतील तर हिंदीतही. ऑडिटरसाठी इंग्रजी प्रत मागून करता येईल, उलटं करू नका. आधी इंग्रजी आणि मग मराठी केलं की 'कर्मचाऱ्यांना प्रोत्साहित करण्यात येते' असली वाक्यं येतात, ज्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाही लागत नाही. फळ्याच्या सहा ओळी घ्या, एकेका ओळीखाली पान भरेल इतकं लिहा: कुणाला सांगायचं, किती दिवसांत उत्तर मिळेल, नाही मिळालं तर पुढे कुणाकडे. जे तुम्ही करत नाही आणि करणारही नाही ते लिहू नका. वर्षाला दोन ट्रेनिंग लिहून एकही घेतलं नाहीत, तर ऑडिटर हजेरीचा कागद मागेल आणि तोंड बारीक होईल. आठ-नऊ पानांत सगळं बसतं. मग जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवा आणि तेव्हा सह्या घ्या, तारीख घालून, एक प्रत ज्याची त्याला देऊन.

ऑडिटर तुमच्या केबिनमध्ये फार वेळ बसणार नाही. तो मशीनवर जाईल आणि एखाद्या पोराला विचारेल, रजा किती मिळते, ओव्हरटाईमचा दर काय, तक्रार कुणाकडे करायची. ओव्हरटाईम दुप्पट, हे त्या पोराच्या तोंडून यायला हवं, आणि पगारस्लिपवर तसं दिसायलाही हवं.

पण ऑडिट तीन आठवड्यांनी आहे. ऑपरेटरचं उद्या सकाळी करा. पहिल्यांदा फोन, तुमचा स्वतःचा, वॉचमनचा नको. मग त्याच दिवशी स्पीड पोस्टाने एक पत्र, पोचपावतीसह. मजकूर असा ठेवा: 'आपण अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत न कळवता गैरहजर होता. अमुक तारखेला आपण कामावर आलात, त्या दिवशी आपल्याला गेटवरून परत पाठवण्यात आले, ते योग्य नव्हते. आपण हे पत्र मिळताच कामावर हजर व्हावे. गैरहजेरीबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा. तो विचारात घेऊन पुढील निर्णय कळवण्यात येईल.' खाली सही तुमची.

'ते योग्य नव्हते' हे तीन शब्द लिहायला हात अडखळेल. कन्सल्टंट म्हणेल, हे काढा, अंगावर येईल. ठेवा. गेटवरून परत पाठवलेले दिवस तसेही तुमच्या अंगावरच आहेत, त्यांचा पगार द्या. त्याआधीच्या दहा दिवसांचा देऊ नका.

आणि वॉचमनला सांगा, तो आला की आत सोड.